जुन्या ट्रान्झिस्टरची झिजलेली पेटी : रेक्झिन बदलावे की आहे तेच सावरावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, ठाण्यात तयार झालेला मर्फीचा तीन बँडचा ट्रान्झिस्टर वाईच्या घरी माळ्यावर पडून होता. गावातल्या मेकॅनिकने कंडेन्सर बदलून तो सुरू करून दिला आहे आणि पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर स्वच्छ लागते. त्यामुळे माझा प्रश्न आतल्या भागांविषयी नाही, केवळ पेटीविषयी आहे.

पेटी प्लायवूडची असून तिच्यावर गडद तपकिरी रेक्झिन चिकटवलेले आहे. समोरची चौकट प्लॅस्टिकची आहे. ती मूळची पांढरी होती की हस्तिदंती, हे आता ओळखू येत नाही. तिच्या मध्यभागी सोनेरी ॲल्युमिनियमची छिद्रांची जाळी आहे. तळाचे प्लायवूड ओल लागून फुगले आहे आणि त्याचे पदर सुटले आहेत. मागच्या दोन कोपऱ्यांवर रेक्झिन उलटून वर आले आहे. चौकटीला डाव्या बाजूस साधारण दोन इंचांची चीर आहे. त्याच बाजूला, जिथे इअरफोनची वायर गुंडाळून ठेवलेली होती, तिथे प्लॅस्टिकमध्ये वायरीच्या आकाराची खोलगट नळी उमटली आहे, जणू कोणी तापलेली तार टेकवली असावी. रेडिओजवळ उष्णता कधीच आली नव्हती, त्यामुळे हे कसे झाले ते कळत नाही.

उजव्या कडेचे रेक्झिन मात्र वेगळ्या कारणाने गेले आहे. अण्णा संध्याकाळच्या बातम्या ऐकताना रेडिओ मांडीवर उभा धरत आणि उजवा अंगठा त्या कडेवर ठेवत. तिथे बोटभर जागेत रेक्झिनचा रंग जाऊन खालचे कापड दिसते.

सोफ्याचे काम करणारे एक कारागीर सर्व रेक्झिन काढून नवे लावून देण्यास आणि चौकटीवर स्प्रेचा रंग मारण्यास तयार आहेत. दोन महिन्यांनी अण्णांचे सहस्रचंद्रदर्शन आहे आणि त्या दिवशी रेडिओ त्यांच्या हातात द्यावा अशी इच्छा आहे. नवे रेक्झिन लावावे का, चीर कशी भरावी आणि स्प्रे योग्य ठरेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

लघुलहरी

सर्वप्रथम स्प्रेचा विचार कृपया सोडून द्यावा. त्या काळातल्या अनेक ट्रान्झिस्टरच्या चौकटी पॉलिस्टायरीनच्या असत आणि तुमच्या वर्णनावरून तुमचीही तशीच असावी. नखाने टिचकी मारल्यावर पत्र्यासारखा टणक आवाज आला, तर ते पॉलिस्टायरीन आहे असे समजावे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्प्रेच्या डब्यांमध्ये आणि थिनरमध्ये जे द्रावक असतात, ते या प्लॅस्टिकला विरघळवतात. रंग वाळेपर्यंत पृष्ठभागावर बारीक तड्यांचे जाळे उठते आणि ते पुन्हा कधीही निघत नाही. नेलपॉलिश काढण्याचे द्रव, पेट्रोल, टर्पेंटाइन, रॉकेल यांनाही चौकटीपासून दूर ठेवावे.

वायरीच्या खुणेचे उत्तर याच गुणधर्मात आहे. मऊ वायरीचे आवरण पीव्हीसीचे असते आणि ते लवचिक राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेले असते. ती वायर पॉलिस्टायरीनला वर्षानुवर्षे टेकून राहिली, की ते द्रव्य हळूहळू बाहेर येऊन प्लॅस्टिकमध्ये शिरते, प्लॅस्टिक मऊ पडते आणि वायर त्यात रुतते. उष्णतेचा यात काहीही संबंध नाही. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या रेडिओंवर चिकट डाग पडतात, त्यांचेही कारण पुष्कळदा हेच असते. म्हणून दुरुस्तीनंतर रेडिओ सुती कापडात ठेवावा आणि इअरफोन वेगळ्या डबीत ठेवावा. रुतलेली नळी उथळ असेल तर ती घासून सपाट करता येते. खोल असेल तर, माझ्या मते, तशीच राहू द्यावी. भरलेली जागा वेगळ्या रंगाची दिसते आणि डोळ्यांना अधिक खुपते.

आता उघडण्याविषयी. एकही स्क्रू फिरवण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, विशेषतः डायलच्या दोऱ्याची. दोरा कोणत्या चाकावरून किती वेढे घेऊन जातो हे एकदा विसरले, की तो पुन्हा बसवण्यात संपूर्ण दिवस जातो. नॉब पकडीने ओढू नयेत. नॉबच्या मागून सुती कापडाची पट्टी घालून दोन्ही टोके एकत्र धरून सरळ आपल्याकडे ओढावीत, म्हणजे नॉब न मोडता निघतो. फेराइटची काळी कांडी, म्हणजे रेडिओचा आतला अँटेना, काचेसारखी ठिसूळ असते, आणि तिच्यावरची तार केसासारख्या अनेक तारांची मिळून बनलेली असते. त्यांतल्या दोन-चार जरी तुटल्या तरी रेडिओची ग्रहणशक्ती कमी होते. ती कांडी पेटीतून काढावी लागली, तर तारांना ताण बसणार नाही अशा रीतीने सर्किटसोबतच उचलावी.

चौकट सुटी झाल्यावर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवावी. मूळ रंग कोणता हे जाणून घ्यायचे असेल तर तिची आतली बाजू पाहावी. तिथे ऊन आणि धूर पोहोचलेले नसतात. आतही हस्तिदंती असेल, तर तुम्ही जिला पिवळेपणा समजता ती मूळचीच छटा आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याची पद्धत काही जण सुचवतील. औषधाच्या दुकानातील ६ टक्क्यांचे द्रावण त्यासाठी वापरतात, पण पातळ-जाड थर बसला तर पांढरे पट्टे उमटतात आणि काही काळाने पिवळेपणा परतही येतो. दोन महिन्यांच्या मुदतीत हा प्रयोग करू नये, असे मला वाटते.

चिरेसाठी झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. त्याच्या वाफेने आजूबाजूचे प्लॅस्टिक पांढुरके होते. चीर जिथे संपते तिथे १ मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. नंतर प्लॅस्टिकची विमाने-गाड्या जोडण्याच्या संचांसाठी मिळणारे पातळ सिमेंट आतल्या बाजूने बारीक कुंचल्याने चिरेला टेकवावे. ते आपोआप फटीत ओढले जाते आणि दोन्ही कडा एकमेकींत विरघळून एकजीव होतात. ते बोटाला लागलेले असताना दर्शनी बाजूला मुळीच हात लावू नये. ठसा कायमचा उमटतो. एक दिवस वाळल्यावर आतून कापडाची पट्टी अराल्डाइटने चिकटवावी.

आणखी एक सांगणे आवश्यक आहे, कारण ती चूक माझ्या हातून झाली आहे. डायलच्या काचेवरची केंद्रांची नावे पुष्कळदा मागच्या बाजूने छापलेली असतात. मी माझ्या मामांच्या रेडिओची डायल स्पिरिटच्या बोळ्याने मागून पुसली आणि 'मुंबई'सकट मध्यम लहरींची संपूर्ण ओळ बोळ्यावर आली. ती परत आणण्याचा कोणताही उपाय नव्हता. डायल मागून कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, इतकेच. डायल प्लॅस्टिकची असेल तर पुढच्या बाजूचे ओरखडे पांढऱ्या टूथपेस्टने कापडाच्या बोळ्यावर हलक्या हाताने गोलाकार घासून पुष्कळसे जातात.

रंधा

लघुलहरी यांनी प्लॅस्टिकचे सर्व सांगितले आहे, म्हणून मी लाकडापुरते लिहितो. फुगलेले प्लायवूड आधी आठवडाभर सावलीत, हवेशीर जागी वाळू द्यावे. उन्हात ठेवले तर ते वाकते. पदरांमध्ये जाड सुईच्या सिरिंजने थोडे पाणी मिसळलेले फेव्हिकॉल सोडावे, दोन सपाट फळ्यांमध्ये मेणकागद घालून शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) आवळावे आणि २४ तास हलवू नये. मेणकागद विसरल्यास फळी पेटीलाच चिकटते. कडेचा चुरा झालेला भाग लाकडाच्या भुशात फेव्हिकॉल कालवून भरावा आणि पॉलिश पेपरने कडा पुन्हा काटकोनात आणावी.

रेक्झिन बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आज सोफ्यासाठी जे मिळते ते जाड असते आणि त्याच्या पाठीला बहुधा फेसाचा किंवा विणीचा थर असतो. या पेटीचे कोपरे लहान गोलाईचे आहेत. तिथे जाड रेक्झिनच्या चुण्या पडतात आणि समोरची चौकट पुन्हा तिच्या खाचेत बसत नाही. अर्धा मिलिमीटरचाही फरक जाणवतो. शिवाय जुन्या रेक्झिनवरचा दाणा हुबेहूब मिळणे जवळजवळ अशक्य असते.

उलटलेल्या कोपऱ्यांसाठी असे करावे. आधी जुने चिकटवण पाहावे. ते काचेसारखे कडक आणि तपकिरी असेल तर बहुधा सरस, म्हणजे कातडी-हाडांपासून केलेला जुना गोंद, असतो, आणि कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने तो मऊ होऊन निघतो. रेक्झिन ताठ झालेले असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राची मंद हवा हातभर अंतरावरून द्यावी. ते वळू लागले की थांबावे. त्यानंतर चिकटवायला फेव्हिकॉल पुरते, कारण खाली लाकूड आहे आणि रेक्झिनची पाठ कापडाची आहे. रबरी चिकटद्रव्य, जे चपला-बुटांना लावतात, ते वापरायचेच असेल तर दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते आणि एकदा टेकवले की सरकवता येत नाही. त्यातही थिनरसारखेच द्रावक असते, म्हणून चौकट दुसऱ्या खोलीत असतानाच ते उघडावे.

संग्राहक

मी वरील मताशी पूर्णपणे सहमत नाही. माझ्याकडच्या दोन पेट्यांचे रेक्झिन मी बदलले आहे, कारण त्याखाली बुरशी होती आणि वरून कितीही पुसले तरी कुबट वास जात नव्हता. ज्या घरात वयस्कर माणूस तो रेडिओ तोंडाजवळ धरून ऐकणार आहे, तिथे बुरशी ठेवणे योग्य नाही. नवे रेक्झिन घ्यायचेच झाले तर सोफ्याचे घेऊ नये. वह्या-पुस्तकांच्या बांधणीसाठी जे पातळ रेक्झिन वापरतात ते बाइंडरकडे मागावे. ते गोलाईवर नीट बसते.

ॲल्युमिनियमच्या जाळीला पितळेचे पॉलिश, लिंबू किंवा धुण्याचा सोडा लावू नये. तो सोनेरी रंग धातूच्या अगदी पातळ थरात असतो आणि एकदा गेला की खाली पांढरे ॲल्युमिनियम दिसते. साबणाचे पाणी पुरेसे आहे. लोखंडी तारेची घासणी तर स्पीकरच्या आसपासही आणू नये, कारण तिचा चुरा चुंबकाला ओढला जातो आणि आवाज घरघरू लागतो.

रंधा

बुरशीविषयी संग्राहक यांचे म्हणणे रास्त आहे. कृष्णाकाठ यांनी उलटलेल्या कोपऱ्यापाशी नाक नेऊन पाहावे. वास नसेल तर रेक्झिन ठेवावे. असेल तर फक्त तळाचा तुकडा काढून, लाकूड स्पिरिटने पुसून, वाळवून, बाइंडरचे रेक्झिन लावावे. तळ कोणाला दिसत नाही आणि ओलही तिथेच लागलेली आहे. बाजू आणि माथा यांना हात लावण्याचे कारण मला दिसत नाही. पेटी स्पिरिटने पुसताना चौकट आणि डायल लावलेली नसावी, हे पुन्हा सांगतो.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे, कारण सर्व काम हळूहळू केले.

कोपऱ्यांना वास नव्हता, तळाला होता. रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे केवळ तळाचे रेक्झिन बदलले. बाइंडरकडे काळेच मिळाले, परंतु ते खालच्या बाजूला असल्याने खटकत नाही. चौकट आतूनही हस्तिदंतीच निघाली. म्हणजे लहानपणापासून मी ज्याला धुराचा पिवळेपणा समजत होते, तो रंग तिचा स्वतःचाच होता. चीर सिमेंटने जुळली. प्रकाशात तिरके धरले तरच बारीक रेघ दिसते. वायरीची खूण खोल असल्याने तशीच ठेवली.

एका गोष्टीसाठी मात्र पुन्हा विचारते. सेलच्या कप्प्याचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला अण्णांच्या अक्षरात पेन्सिलने तारखांची रांग आढळली. नवे सेल घातले की ते तारीख लिहीत असत, म्हणजे सेल किती महिने चालले हे कळावे. पहिली तारीख १९७४ मधली आहे आणि शेवटची १९९१ मधली. त्याच झाकणाच्या स्प्रिंगांवर सेल गळून निळसर-हिरवट खार साचला आहे. तो काढताना अक्षरे जातील अशी भीती वाटते.

लघुलहरी

त्या काळचे सेल झिंक-कार्बनचे, त्यांचा स्राव आम्लधर्मी असतो. खाण्याचा सोडा चिमूटभर पाण्यात कालवून घट्ट लेप करावा आणि कापसाच्या काडीने केवळ स्प्रिंगला लावावा. ओघळ येऊ देऊ नये. पाच मिनिटांनी ओलसर काडीने, नंतर कोरड्या काडीने पुसावे. हे करताना झाकण अक्षरांची बाजू वर राहील असे तिरके धरावे, म्हणजे चुकून थेंब सुटला तरी तो अक्षरांपासून दूर जाईल. पेन्सिलीचे शिसे पाण्यात विरघळत नाही, पण घासले की पुसट होते. त्यामुळे अक्षरांवर कापूस, कापड किंवा बोट फिरवू नये आणि त्यांच्यावर लॅकर वा पारदर्शक टेपही लावू नये. प्रथम चांगल्या उजेडात छायाचित्र काढून ठेवावे.

उजव्या कडेच्या त्या अंगठ्याच्या जागेचे आपण काय केले, हे लिहिलेले नाही.

कृष्णाकाठ

तिथे सुटलेले धागे फेव्हिकॉलच्या एका थेंबाने बसवले आणि बाकी काहीही केले नाही. रंग लावला नाही. काल रात्री घरातले सर्व झोपल्यावर मी स्वतः रेडिओ मांडीवर उभा धरून पाहिला. माझा अंगठा त्या जागेपेक्षा दोन बोटे खाली येतो. स्प्रिंगा उद्या सकाळच्या उजेडात स्वच्छ करीन. नवे सेल आणून ठेवले आहेत, पण ते घालायचे आणि तारीख लिहायचे काम अण्णांसाठी राखून ठेवले आहे. झाकणावर शेवटच्या तारखेखाली अजून चार ओळींची जागा आहे.