लाइव्ह ऐकायची गोडी तुम्हाला कुठे लागली?

जांभादगड
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे म्हणून लिहितोय. मी रत्नागिरीचाच, पण गाणं म्हणजे माझ्यासाठी कायम मोबाईल आणि हेडफोन. जानेवारीत थिबा राजवाड्यात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव असतो, इतकी वर्षं बॅनर बघून पुढे जायचो, यंदा ऑफिसातला मित्र ओढूनच घेऊन गेला. उघड्यावर बसलो, थंडी चांगलीच होती आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं मला काहीच कळत नव्हतं, गाणाऱ्या बाई एकेका सुरावर केवढा वेळ रेंगाळत होत्या, तबला तर अजून सुरूही नव्हता. मग कधीतरी त्या वरच्या सा वर जाऊन थांबल्या आणि माझ्या पुढे बसलेले एक आजोबा अगदी हळू "वा" म्हणाले. ते त्यांच्यापर्यंत पोचलं असणार, कारण त्यांनी आजोबांकडे बघितलं आणि तीच जागा परत घेतली, पण वेगळ्या वाटेने. अंगावर काटा आला माझ्या. घरी येऊन त्याच रागाचं रेकॉर्डिंग शोधून ऐकलं, चांगलंच होतं, पण त्यात ते आजोबा नव्हते.

तर विचारायचंय असं की राग-ताल काही कळत नसताना ऐकायला सुरुवात कशी करायची? आणि फक्त गाणं नाही, दशावतार, कीर्तन, नमन, जे जे समोर बसून ऐकायचं असतं आणि मी आजपर्यंत टाळलं ते सगळं. तुमची सुरुवात कशी झाली?

सुरंगी
मी कुडाळकडची, त्यामुळे माझं उत्तर दशावतार, म्हणजे जत्रेत रात्री होणारं आमचं लोकनाट्य, आमच्याकडे धयकालो म्हणतात. कार्तिकी पौर्णिमा झाली की जत्रा सुरू होतात, सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा तर तुम्ही ऐकली असेल. आजी मला चटई आणि शाल देऊन घेऊन जायची आणि मी पेंगायला लागले की म्हणायची, "नीज येता तर घराक जा." जायचे कुठली, मी डोळे चोळत बसून राहायचे.

खरी गोडी लागली ती सातवी-आठवीत. नट जिथे रंगत असतात तिथे मी गुपचूप जाऊन उभी राहिले. प्रत्येकजण छोट्या आरशात बघून आपला चेहरा आपणच रंगवत होता, जो पुरुष राणी होणार होता तो शांतपणे साडीच्या निऱ्या घालत होता, आणि रंगता रंगता आज कुठलं आख्यान, कोण कुठे येणार, एवढंच एकमेकांत बोलणं चाललं होतं. कोणाच्याही हातात कागद नव्हता! मला वाटलेलं पाठांतर असेल. आख्यान ठरलेलं, पण बोलायचं ते जागच्या जागी सुचेल तसं. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन आणि तेच अरण्य.

पुढे एकच आख्यान आठवड्याभरात दोन गावांत बघितलं, मंडळी तीच. पहिल्या गावात राजा राणीचा निरोप घेतो तो प्रसंग पाच मिनिटांत संपला. दुसऱ्या गावात पुढे बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या, राजाने ते बघितलं आणि तो निघेचना, बोलतच राहिला, मग बोलता बोलता पद सुरू केलं आणि पेटीवाल्याने पहिल्या शब्दालाच त्याचा सूर पकडला, पखवाज आणि झांज मागून हळूच आले. पाऊण तास तो निरोप चालला असेल, आजी रडत होती आणि तिला बघून मी. तेव्हापासून मी समोर बसतच नाही, पेटीवाल्याच्या बाजूला बसते. त्याची नजर कायम नटाच्या तोंडावर असते, ती बघत ऐकलं की खूप कळतं, तुम्हीही करून बघा.

सड्यावरचा
गुहागरकडे आमची जाखडी आणि शक्ती-तुरा. गणपतीत नाचणारे गोल फिरतात, पायात चाळ, मधे शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाला बसलेले. एका बाजूने गाण्यातून पुराणातला सवाल टाकायचा आणि समोरच्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. माझे वडील मुंबईत नोकरीला होते, ते परळला बारी, म्हणजे असा सामना, बघून यायचे आणि तो सवाल घरी पत्रातून कळवायचे, मग आम्ही पोरं आठवडाभर डोकं खाजवायचो. मला सुरातलं आजही कळत नाही पण समोरचा आता काय उत्तर देणार ही वाट बघण्यात जी मजा आहे ती दुसरीकडे नाही मिळाली. राग कळायची वाट बघू नका, शब्द पकडून जा.

ओहोटी
शब्दांवरून चाललंय तर कीर्तन घ्याच. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन निरूपण, मग मध्यंतरात बुक्का लावतात, आणि उत्तररंगात त्याच विषयावरचं आख्यान. लहानपणी मी आख्यानाच्या वेळेलाच देवळात पोचायचो, गोष्ट ऐकायला. आई गेल्यावर त्या वर्षी पहिल्यांदा सुरुवातीपासून बसलो आणि बुवा एकाच चरणाला तास-सव्वा तास धरून होते, बोलणं कधी थांबलं आणि गाणं कधी सुरू झालं हे कळायचं नाही, चिपळ्या वाजल्या की समजायचं. त्या चरणाचा अर्थ मला शाळेपासून पाठ होता, पण तो माझ्या घरातला आहे हे त्या रात्री कळलं. आता पूर्वरंग चुकवत नाही.

सुरंगीताईंना एक विचारायचंय, हल्ली जत्रेत माईक आणि मोठे स्पीकर असतात त्यात ते पेटीचं वगैरे ऐकू येतं का? मला मागच्या वर्षी कानठळ्या बसल्या आणि अर्ध्यातून उठलो, वाईट वाटलं.

सुरंगी
स्पीकरच्या सरळ रेषेत बसू नका, रंगमंचाच्या अगदी कडेला चिकटून बसा. तिथे पखवाजाची थाप अंगाला लागते. आणि छोट्या गावची जत्रा गाठा, आवाज बेताचा असतो.

जांभादगड
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं सगळं. शक्ती-तुरा गणपतीत नक्की. सुरंगीताई, कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात रजा टाकतोय, तुमच्याकडची एखादी छोटी जत्रा सुचवा ना, आणि रात्री किती वाजता पोचलं तर रंगायच्या वेळी तिथे उभं राहू देतील?

सुरंगी
साडेनऊला या, आधी पालखी बघून घ्या. आणि चटई आणा, दव पडतं.