पडद्यावरच्या नीट लिहिलेल्या स्त्रिया: आपापले अनुभव

एखादी नायिका कणखर आहे असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा ती भरसभेत चारचौघांना सुनावते किंवा गुंडांना लोळवते, एवढेच आपल्याला म्हणायचे असते. या अनुभवकथनासाठी मी वेगळी कसोटी सुचवते. कथेतील कोणता निर्णय त्या स्त्रीचा स्वतःचा आहे, आणि त्याची किंमत तिला कुठे व कशी मोजावी लागते, हे लेखकाने दाखवले आहे का? ज्या पात्राच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर तुमच्यापाशी आहे, त्याविषयी लिहावे. कथानक सगळे सांगण्याची गरज नाही. एखादा प्रसंग जवळून दाखवावा आणि तो आपल्या आयुष्याशी कुठे जोडला गेला ते सांगावे. कथांचे शेवट उघड होतील, हे वाचकांनी गृहीत धरावे.

सुरुवात मी करते. जब्बार पटेल यांचा १९८२ सालचा ‘उंबरठा’ मी प्रथम पाहिला तेव्हा महाविद्यालयात होते आणि स्मिता पाटील यांनी साकारलेली सुलभा महाजन मला केवळ धाडसी वाटली होती. पुढे नोकरीनिमित्त लहान मुलाला घरी ठेवून परगावी राहण्याची वेळ माझ्यावर आली. त्या काळात हाच चित्रपट पुन्हा पाहिला आणि विजय तेंडुलकरांच्या पटकथेचा कस कळला. सुलभाच्या सासरी खलपुरुष कोणी नाही. घर सुखवस्तू आणि सुशिक्षित आहे, सासूबाई स्वतः समाजकार्यात आहेत, नवरा समंजस वकील आहे. जाच असता तर घर सोडणे हा पळ ठरला असता, आणि प्रेक्षकांची सहानुभूतीही आयती मिळाली असती. लेखकाने ती वाटच बंद केली आहे. महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाण्याचा निर्णय सुलभा घेते तो काम करावेसे वाटते म्हणून, आणि एवढे कारण पुरेसे आहे की नाही, हा प्रश्न चित्रपट शेवटपर्यंत आपल्या गळ्यात ठेवतो. आश्रमातही तिला यश मिळत नाही. व्यवस्था तिला पुरून उरते. घरी परतते तेव्हा मुलीला काकूचा लळा लागलेला असतो आणि नवरा दुसऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधांची कबुली शांतपणे देतो. त्या कबुलीनंतरच्या स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावर आक्रोश नाही. आपण नसताना घराने आपल्यावाचून जगण्याची सवय करून घेतली, हे कळल्यावर माणूस जसा थिजतो, तसा तो चेहरा आहे. मी सुट्टीत घरी जाई तेव्हा माझ्या मुलाला झोपताना आजीच लागे. ते दुःख कोणाला सांगण्यासारखे नव्हते, कारण त्यात दोष कोणाचाच नव्हता. सुलभाला पाहताना ते दुःख कोणीतरी आधीच लिहून ठेवले आहे असे वाटले. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर हा चित्रपट आधारित आहे, हेही इथे नोंदवून ठेवते.

निवृत्त लेखापाल

सत्यजित राय यांच्या १९६३ सालच्या ‘महानगर’मधील आरतीविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. घरखर्च भागत नाही म्हणून ती विणकामाची यंत्रे दारोदार विकण्याची नोकरी धरते. पहिला पगार हातात आल्यावर ती कार्यालयाच्या प्रसाधनगृहात जाते आणि कोऱ्या नोटा हातात घेऊन आरशात स्वतःकडे पाहते. माधवी मुखर्जी यांनी त्या काही क्षणांत एकही शब्द न उच्चारता जे केले आहे, ते मी माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी जसेच्या तसे अनुभवले होते. पाकीट बंद करून पुन्हा उघडून पाहावेसे वाटत होते, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

या पात्राचे मोठेपण मात्र शेवटाकडे आहे. आजारी असलेल्या एडिथ या सहकारी मुलीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिला कामावरून काढले जाते, तेव्हा आरती साहेबाकडे जाब मागते आणि माफी मिळत नाही म्हणून राजीनामा देते. त्या वेळी नवऱ्याची बँक बुडालेली असते आणि सारे घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेले असते. याच नवऱ्याने काही दिवसांपूर्वी तिला नोकरी सोडायला सांगितले होते आणि बँक बुडताच सोडू नकोस म्हणून फोन केला होता. नोकरी धरणे, सोडणे, पुन्हा धरणे हे सगळे दुसऱ्यांच्या सोयीने ठरत आले. राजीनामा तेवढा तिचा. पुढे काय होईल हे राय सांगत नाहीत, आणि मला ते योग्य वाटते.

प्रशासकीय सेवेतील एक वाचक

‘उडान’मधील कल्याणी सिंह ही माझ्या पिढीतील अनेक जणींसाठी पहिली गणवेशधारी नायिका होती. १९८९ साली दूरदर्शनवर आलेली ही मालिका कविता चौधरी यांनी स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली. त्यांची थोरली बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या वाटचालीवर ती बेतलेली होती. पुढे २००४ साली कांचन उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या आणि एखाद्या राज्याचे पोलीस दल सांभाळणाऱ्या देशातील पहिल्या महिला ठरल्या. कल्याणी एका भागात जन्मलेली तयार अधिकारी नव्हती. ती अभ्यास करताना, खचताना, पुन्हा उभी राहताना दिसत असे. परीक्षेच्या तयारीत मला त्याचाच आधार होता.

वडिलांची शुश्रूषा केलेला एक वाचक

मी पुरुष आहे, तरी लिहितो, कारण असगर फरहादी यांच्या २०११ सालच्या ‘अ सेपरेशन’ने मला घरातील एका व्यक्तीकडे पाहायला शिकवले. वडिलांना स्मृतिभ्रंश झाला तेव्हा आम्ही त्यांच्या देखभालीसाठी एक बाई ठेवल्या होत्या. त्या वेळेवर येत, काम करत आणि जात. त्याहून अधिक आम्हाला ठाऊक नव्हते आणि जाणून घ्यावेसेही कोणाला सुचले नव्हते.

या इराणी चित्रपटात रझिया ही गरोदर स्त्री अशाच कामावर येते. लांबून प्रवास करून, बरोबर लहान मुलीला घेऊन, आणि नवऱ्याला न सांगता. पहिल्याच दिवशी म्हातारे गृहस्थ कपड्यांतच लघवी करतात. परपुरुषाचे अंग स्वच्छ करणे तिच्या धर्मसमजुतीत बसत नाही, पण त्यांना तसेच ठेवणेही तिला जमत नाही. ती धार्मिक सल्ला देणाऱ्या कार्यालयाला फोन लावते आणि हे पाप ठरेल का, असे विचारते. लहानगी मुलगी बाजूला उभी असते आणि मी बाबांना सांगणार नाही, असे आईला सांगते. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग आहे. त्यात रझियाची श्रद्धा आहे, गरज आहे, दया आहे, भीती आहे आणि मुलीलाही त्या भीतीची लागलेली सवय आहे. हे सारे लेखकाने तिच्या तोंडी एकही स्पष्टीकरण न घालता मांडले आहे.

पुढे घरमालक वादात रझियाला दाराबाहेर ढकलतो, तिचा गर्भ जातो आणि ते प्रकरण न्यायालयात जाते. शेवटी भरपाईची रक्कम ठरते, सावकार दारात बसलेले असतात आणि रझियाने कुराणावर हात ठेवून शपथ घेतली की प्रश्न मिटणार असतो. आपला गर्भ त्या धक्क्यामुळेच गेला याची तिला खात्री नसते, आणि ती शपथ घेत नाही. नवरा डोके आपटून घेतो, सगळे हातचे जाते. या चित्रपटातील अभिनेत्रींना बर्लिन महोत्सवात एकत्रितपणे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला गेला होता. चित्रपट संपल्यावर मला आमच्या घरी येणाऱ्या बाईंचा चेहरा आठवत राहिला. त्यांनी वडिलांचे कपडे पहिल्यांदा बदलले त्या दिवशी त्यांच्या मनात काय चालले असेल, हे मी तोवर कधी स्वतःला विचारले नव्हते.

पटकथालेखन शिकणारी एक वाचक

‘एलियन’ (१९७९) हा भयपट या यादीत कसा, असे काहींना वाटेल. त्याच्या मूळ पटकथेत अशी टीप होती की अवकाशयानावरील कोणतेही पात्र स्त्री किंवा पुरुष म्हणून घेता येईल. त्यामुळे रिप्ली ही प्रथम एक अधिकारी आहे. जखमी सहकाऱ्याला घेऊन कप्तान यानाच्या दाराशी येतो, तेव्हा विलगीकरणाचा नियम सांगून ती दार उघडायला नकार देते. त्या क्षणी ती निष्ठुर वाटते. दार दुसराच कोणी उघडतो, आणि पुढील सगळा अनर्थ त्यातून घडतो. तिचे बरोबर असणे आणि त्या वेळी कोणाला न आवडणे, या दोन्ही गोष्टी लेखकांनी एकत्र ठेवल्या.

आमच्या वर्गात ‘बेक्डेल कसोटी’वर नेहमी चर्चा होते: चित्रपटात दोन स्त्रिया असाव्यात, त्यांनी एकमेकींशी बोलावे आणि तेही पुरुषाव्यतिरिक्त कशाविषयी तरी. अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ सालच्या चित्रमालिकेत ही अट घालणारे पात्र सांगते की या अटीत बसलेला तिने पाहिलेला शेवटचा चित्रपट ‘एलियन’ होता, कारण त्यातील दोघी राक्षसाविषयी बोलतात. माझ्या मते ही कसोटी गर्दी मोजायला उपयोगी आहे, लेखनाची खोली मोजायला नाही. ‘ग्रॅव्हिटी’त जवळजवळ सारा वेळ एकच स्त्री पडद्यावर असल्याने तो या अटीत बसत नाही, आणि तरीही तिचा झगडा पूर्णपणे तिचाच आहे.

दोन मुलींची आई

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ (१९९५) बहिणींची कथा म्हणून ओळखला जातो, पण मला त्यातील आईविषयी लिहायचे आहे. उत्तरा बावकर यांनी ती केली आहे. थोरल्या गौरीने शहरात देह विकून पाठवलेल्या पैशावर घर उभे राहते आणि धाकटीच्या लग्नाच्या वेळी त्याच गौरीला दूर ठेवले जाते. या आईचा राग येतो, आणि तिच्या जागी आपण काय केले असते याचे उत्तर देता येत नाही. नायिकेइतकाच विचार करून असे कठोर पात्र लिहिणारे फार थोडे.

सार्वजनिक जीवनात काम करणारी एक वाचक

डॅनिश मालिका ‘बॉर्गेन’ २०१० साली सुरू झाली. तिच्यातील बिर्गिटे न्यूबोर्ग पंतप्रधान होते. डेन्मार्कला खरी महिला पंतप्रधान त्यानंतर, २०११ साली मिळाली. सत्ता मिळताच घर विस्कटते हे अनेक मालिका दाखवतात. इथे मुलीच्या मानसिक आजारासाठी ती पदावरून रजा घेते आणि नंतर परतही येते, हे मला महत्त्वाचे वाटले. २०२२ सालच्या नव्या भागांत तीच बिर्गिटे पदासाठी स्वतःची तत्त्वे मोडते. अनेकांना ते आवडले नाही. मला आवडले, कारण सत्तेत मुरलेल्या पुरुषाला जी गुंतागुंत लेखक सहज देतात, ती तिलाही मिळाली.

विमा दाव्यांची तपासणी करणारी एक वाचक

माझे मत कोएन बंधूंच्या ‘फार्गो’मधील (१९९६) मार्ज गंडरसनला. ती पोलीसप्रमुख आहे, सात महिन्यांची गरोदर आहे, आणि चित्रपट सुरू होऊन अर्धा तास उलटल्यावर प्रथम दिसते. बर्फातील मृतदेहांपाशी ती वाकते, तेव्हा सहकाऱ्याला वाटते काही सापडले. तिला केवळ मळमळत असते. ती मळमळ ओसरते आणि ती पुन्हा पावलांचे ठसे पाहू लागते. गरोदरपण हा ना तिचा दुबळेपणा, ना पराक्रम. त्या अवस्थेत मीही कार्यालयात आणि जागेवर जाऊन तपासण्या केल्या आहेत, आणि लोकांच्या नजरेत बहुतेक वेळा या दोहोंपैकी एकच काहीतरी असे.

मधेच तिचा एक जुना वर्गमित्र भेटतो, पत्नी वारल्याचे सांगून रडतो. अनेकांना हा प्रसंग उपरा वाटतो. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून तिला कळते की ते सगळे खोटे होते. ती बाई त्याची पत्नीच नव्हती आणि जिवंतही होती. त्यानंतर मार्ज, ज्याचे उत्तर तिने आधी मुकाट्याने स्वीकारले होते, त्या मोटारविक्रेत्या जेरीकडे परत जाते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. रडणारा माणूसही सफाईने खोटे बोलू शकतो हे तिला नुकतेच कळले आहे, एवढा दुवा पटकथा आपल्यावर सोडते. माझ्या कामात शोकाकुल माणसाला दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारणे सर्वांत जड जाते. मार्ज तो विचारताना आवाज चढवत नाही, सौजन्य सोडत नाही आणि जेरी पळ काढेपर्यंत खुर्चीवरून उठतही नाही. नव्याने रुजू होणाऱ्या सहकाऱ्यांना मी हाच प्रसंग पाहायला सांगते.