एम-१ हेल्मेट खरोखरच नॉर्मंडीतले आहे का, हे कसे ओळखावे?

प्रश्न – डेट्रॉइटकर

नमस्कार. मी मिशिगनमध्ये राहतो आणि अमेरिकन सैन्याची जुनी शिरस्त्राणे जमवण्यास नुकतीच सुरुवात केली आहे. येथील एका विक्रेत्याकडे एम-१, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैन्याचे पोलादी हेल्मेट आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगात पत्त्यांतील बदामाची खूण असून, १०१व्या एअरबोर्न (विमानातून उतरणाऱ्या) डिव्हिजनच्या ५०२व्या रेजिमेंटमधील सैनिकाने ते जून १९४४ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीच्या चढाईत वापरले होते, असे तो सांगतो. कडेला गुंडाळलेल्या धातूच्या पट्टीचा सांधा मागे आहे, हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या हलतात आणि आत कडक लायनर (वेगळी आतली टोपी) आहे. साध्या हेल्मेटच्या कितीतरी पट किंमत तो मागतो आहे. घ्यावे का?

उत्तर – पोलादी_टोपी

या किमतीला मुळीच घेऊ नये. एम-१ची निर्मिती १९४१ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला कड्या पक्क्या जोडलेल्या असत, परंतु त्या तुटत असल्यामुळे १९४३ मध्ये हलणाऱ्या कड्या आल्या. कडेच्या पट्टीचा सांधा मात्र १९४४च्या उत्तरार्धापर्यंत समोरच होता, मागे गेला तो त्यानंतर. म्हणजे आपण पाहिलेले हेल्मेट जूनमध्ये नॉर्मंडीत असणे शक्यच नाही, मग त्यावरची खूण कितीही जुनी दिसो.

पत्त्यांच्या खुणा खऱ्या आहेत: बदाम ५०२व्या रेजिमेंटचा, इस्पिक ५०६व्या, चौकट ५०१व्या आणि किलवर ३२७व्या ग्लायडर रेजिमेंटचे. नेमक्या याच कारणाने त्यांच्या नकला सर्वाधिक होतात, कारण साध्या हेल्मेटवर थोडा रंग चढवला की किंमत वाढते. त्या वेळच्या छत्रीधारी सैनिकांच्या एम-२ प्रकारात तर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या पक्क्या कड्या असत.

उत्तर – जुना_संग्राहक

वरील उत्तराशी मी सहमत आहे. बाहेरच्या पोलादी कवचाच्या आत, समोरच्या बाजूला, ठोकलेला क्रमांकही पाहावा. डेट्रॉइटच्या मॅककॉर्ड कारखान्याचे क्रमांक साधे असतात, तर १९४३ पासून उत्पादन करणाऱ्या सेंट लुईसच्या श्लुटर कारखान्याच्या क्रमांकासोबत एस अक्षर असते. कवच हॅडफील्ड मँगनीज पोलादाचे असल्याने त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. युद्धानंतर युरोपात तयार झालेल्या काही नकलांना मात्र तो घट्ट चिकटतो, म्हणून खिशात लहान चुंबक ठेवलेला बरा.

लायनर आणि कवच वेगवेगळ्या कारखान्यांत बनत आणि सैन्यात सर्रास अदलाबदल होत असे, त्यामुळे दोघांचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा. वेस्टिंगहाउस, फायरस्टोन, इनलँड यांच्या खुणा लायनरच्या आत घुमटावर सापडतात, आणि त्याआधीचे हॉली कंपनीचे लायनर दाबलेल्या कागदी तंतूंचे असल्याने आज दुर्मीळ आहेत.

पुन्हा प्रश्न – डेट्रॉइटकर

मनःपूर्वक आभार. खुणेविना साधे म्हणून, योग्य किमतीत मिळाले, तर घेण्यासारखे आहे का? आणि घेतल्यास रंग स्वच्छ करावा का?

उत्तर – जुना_संग्राहक

अवश्य घ्यावे. हे कवच युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत आपल्याच शहरात घडलेले असू शकते आणि तेवढे महत्त्व त्याला पुरेसे आहे. मूळ रंगात मिसळलेली बुचाच्या भुग्याची खरखर शाबूत असेल तर ती घासू नये आणि नवा रंग तर कधीच देऊ नये. मऊ कुंचल्याने धूळ झटकणे पुरे. लायनरमधील घामपट्टीच्या चामड्याला तेल लावू नये, कारण ते शेजारच्या सुती पट्ट्यांत उतरते. हेल्मेट ओलाव्यापासून दूर ठेवावे, म्हणजे गंज वाढणार नाही.