मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये घरमालक टॅक्सचं नाव सांगून भाडं वाढवतोय, कितपत खरं?

नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये भाड्याने राहणारं किंवा इथे स्वतःचं घर भाड्याने दिलेलं कोणी असेल तर जरा सांगा. आमच्या घरमालकाचा ईमेल आलाय, भाषा अगदी गोड, की सरकारने घरभाड्याच्या उत्पन्नावरचा टॅक्स वाढवलाय, माझा नाइलाज आहे, तर सध्याचं १५०० पौंड भाडं पुढच्या महिन्यापासून १६५० करूया, होकार कळवा. माणूस तसा वाईट नाही हो, बॉयलर बंद पडला की लगेच कोणाला तरी पाठवतो, त्यामुळे भांडायचं नाहीये, पण कारण काही पचनी पडेना.

म्हणून थोडं वाचलं. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्हज बाईंनी घरभाड्याच्या उत्पन्नाला वेगळे दर लावले, २२, ४२ आणि ४७ टक्के, म्हणजे नेहमीच्या २०, ४० आणि ४५ वर दोन-दोन टक्के जास्त. पण ते लागू होणार एप्रिल २०२७ पासून! मग भाडं आत्तापासूनच का? त्याआधीचं जुनं दुखणं म्हणजे ते सेक्शन २४, तेव्हाचा अर्थमंत्री ऑस्बोर्नने २०१५ मध्ये जाहीर केलेलं आणि २०१७ ते २०२० टप्प्याटप्प्याने लागू झालेलं. आधी लोनचं व्याज वजा करून उरलेल्यावर टॅक्स बसायचा, आता अख्ख्या भाड्यावर बसतो आणि व्याजाच्या २० टक्के तेवढी टॅक्समध्ये सूट मिळते.

आता माझा हिशोब बघा. भाडं वर्षाला १८,०००, व्याज समजा १२,०००, मालक ४० टक्केवाला, दुरुस्ती वगैरे सोडून द्या. सेक्शन २४ च्या आधी टॅक्स बसला असता ६,००० वर, म्हणजे २,४००. आता १८,००० चे ४० टक्के ७,२०० वजा सूट २,४००, म्हणजे ४,८००, डायरेक्ट डबल, हातात उरतात जेमतेम १,२००. इथपर्यंत मला खरंच त्यांची दया आली. पण २०२७ नंतर? ४२ टक्क्यांनी ७,५६०, आणि सूटही २२ टक्के होणार म्हणून वजा २,६४०, म्हणजे ४,९२०. वाढ किती तर वर्षाला १२० पौंड!! आणि माझ्याकडून मागतायत वर्षाला १,८००.

हे बरोबर आहे का, की माझं काही सुटतंय? टॅक्स वाढला की तो भाडेकरूच्याच डोक्यावर येतो हे नेहमीचं आहे का? आणि नाही म्हटलं तर काढतील का घरातून? बायको म्हणते देऊन टाक, मुलीची शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे.

प्रतिसाद १:
मी स्वतः इथे एक फ्लॅट भाड्याने दिलाय, त्यामुळे पलीकडची बाजू सांगतो. हिशोब बरोबर आहे तुमचा. लोन नसेल तर वाढ जास्त बसते, १८,००० चे २ टक्के ३६० वर्षाला, पण तरी १,८०० च्या आसपास नाही. खरा मार बसलाय तो व्याजाचा. २ लाख ४० हजाराचं लोन २ टक्क्यांवर फिक्स होतं तेव्हा व्याज ४,८०० जायचं, फिक्स संपून ५ टक्क्यांवर आलं की तेच १२,०००. सेक्शन २४ धरूनसुद्धा आधी हातात सातेक हजार उरायचे ते १,२०० वर आले. आता हे भाडेकरूला समजावत बसण्यापेक्षा सरकारवर ढकलणं सोपं, सगळेच ढकलतात. घर कंपनीच्या नावावर असेल तर तिथे कॉर्पोरेशन टॅक्स लागतो, हे नवे दर लागूच नाहीत, तेवढं एकदा बघून घ्या.
आणि खरं सांगायचं तर भाडं आमच्या खर्चावर ठरत नाही. शेजारचा १५०० ला देत असेल तर मी टॅक्स टॅक्स म्हणून कितीही ओरडलो तरी १६५० ला कोण येणार?

प्रतिसाद २:
ईमेलला हो म्हणू नका आणि वाढीव भाडं भरायलाही सुरुवात करू नका. १ मे २०२६ पासून रेंटर्स राइट्स ॲक्ट, म्हणजे भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा, लागू झालाय. वाढ करायची तर सेक्शन १३ ची नोटीस, ठरलेल्या फॉर्मवर, किमान दोन महिने आधी, आणि वर्षातून एकदाच. पुढच्या महिन्यापासून वगैरे चालत नाही. नोटीस आली आणि रक्कम जास्त वाटली तर वाढ लागू व्हायची तारीख यायच्या आत ट्रिब्युनलकडे, म्हणजे भाड्याचे वाद बघणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज करा. ते बाजारभाव बघतात, मालकाचा टॅक्स आणि हप्ता बघत नाहीत, आणि मालकाने मागितलंय त्याच्या वर भाडं लावू शकत नाहीत. म्हणून आज रात्रीच तुमच्या भागातल्या तेवढ्याच खोल्यांच्या घरांच्या जाहिराती काढून स्क्रीनशॉट ठेवा. सगळी १६५० ला जात असतील तर मात्र तुमचा १२० पौंडांचा हिशोब कितीही बरोबर असला तरी तिथे उपयोग नाही.

प्रतिसाद ३:
वरच्यांशी सहमत, पण टॅक्सचा भाड्याशी काहीच संबंध नाही असंही नाही, फक्त तो उशिरा आणि आडवाटेने येतो. मालक कंटाळून विकतात, नवीन कोणी घ्यायला धजावत नाही कारण दुसऱ्या घरावर जादा स्टॅम्प ड्युटी, एप्रिल २०१६ ला ३ टक्के होती ती ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ५ झाली. लोक म्हणतात, मग बरंय की, भाडेकरूच ते घर घेईल, एक घर कमी आणि एक गिऱ्हाईकही कमी. ते अर्धंच खरं. ज्या घरात चार पोरं शेअर करून राहत होती तिथे आता एक जोडपं येतं, बाकीचे परत रांगेत. ज्याच्याकडे डिपॉझिटचे पैसे आहेत त्याचं भलं होतं, ज्याच्याकडे नाहीत त्याला रांग लांब.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार सगळ्यांचे. जाहिराती बघितल्या, आमच्यासारखी घरं १५५० ते १६०० ला दिसतायत. १५६० देतो असं कळवून रीतसर नोटीस मागणार आहे. फक्त एकच, चिडून घरच विकायला काढलं तर?

प्रतिसाद २:
विकायला काढलं तर चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि तुमचा भाडेकरार सुरू होऊन वर्ष झाल्याशिवाय त्या कारणाने बाहेर काढता येत नाही. शिवाय त्या कारणाने काढलं की पुढे वर्षभर ते घर दुसऱ्या कोणाला भाड्याने देता येत नाही, त्यामुळे नुसती धमकी त्यांना महाग पडते. कधीपासून राहताय तिथे?