दम वाढतोय हे तुम्हाला कशावरून कळलं? (सायकल नव्याने सुरू केलेल्यांसाठी)

काल ड्रॉवर आवरताना दोन वर्षांपूर्वीची वही हाती लागली. पहिल्याच पानावर माझं अक्षर: "८ किमी. पुलाचा चढ. तीनदा उतरले." वाचून गलबलून आलं, कारण परवा त्याच पुलावर मैत्रिणीशी बोलता बोलता वर पोचले आणि चढ कधी संपला ते कळलंही नाही. सुरुवातीला मी फक्त सरासरी वेग लिहायचे. १७, १९, मग परत १६. काहीच जमत नाहीये असं वाटून सायकल विकायला काढली होती. समोरून वारा असला की तो आकडा माझ्या पायांचा नसतोच, हे फार उशिरा उमगलं. तुम्ही काय मोजता? लिहा ना.

---

सकाळी अंथरुणातच नाडी. ७६ होती, सहा महिन्यांत ६२. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, म्हणून कमी ठोक्यांत भागतं. एकदा अचानक ७० आली, तरी गेलो. दुसऱ्या दिवशी ताप, आठवडाभर आडवा. आता नाडी अशी वर दिसली की सायकल भिंतीलाच.

---

मी गाणं म्हणते चढावर. आधी ओळसुद्धा पुरी होत नव्हती. बाळ उठलं, नंतर लिहिते.

---

वाऱ्याचं अगदी पटलं. वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला आठपट ताकद लागते. २० चा २२ करायलाही हवेपुरती तिसरा हिस्सा जास्त. म्हणजे पायात पुष्कळ ताकद येते आणि मीटरवर जेमतेम दोन किमी दिसतात. नवीन माणूस इथेच खचतो, फार वाईट वाटतं. एकच चढ धरा, महिन्यातून एकदा, आणि वेळ लिहा. चढावर वेग कमी, त्यामुळे वारा तितका नडत नाही. माझा १४ मिनिटांचा चढ आता साडेदहात होतो.

---

पहिल्या महिन्यात वजन दीड किलो वाढलं!! रडले होते. मग कळलं, स्नायू ग्लायकोजेन (म्हणजे साखरेचा साठा) साठवतात आणि दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरतात. काटा कपाटावर टाकला तो अजून तिथेच आहे.

---

गुडघा पुढून दुखतोय कुणाचा? दोन आठवडे झाले. इथे विचारलं तर चालेल ना?

---

चालेल की. सीट खाली आहे का बघा. टाच पेडलवर ठेवून पाय तळाशी नेला की गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. जड गिअर रेटू नका. तरी दुखलं तर डॉक्टर.

---

मी पॉवर मीटरवाला, म्हणजे पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र लावलेला. २० मिनिटं जीव तोडून चालवायची, सरासरी वॅटचे ९५ टक्के धरायचे, म्हणजे साधारण तासभर टिकेल एवढी ताकद. १४८ वरून वर्षात १८१. पहिल्या वेळी जोशात सुटलो आणि सातव्या मिनिटालाच पाय संपले. सुरुवात हात राखूनच करा.

---

मनगटावरच्या घड्याळावर फार विसंबू नका, खडबडीत रस्त्यावर नाडी काहीही दाखवतं. छातीचा पट्टा बरा. आणि उन्हात त्याच वेगाला नाडी वर जाते, तो दम कमी झाल्याचा पुरावा नाही.

---

माझा आलेख मधे चार महिने शून्यावर होता. आई गेली. परत बसलो तेव्हा वाटलं सगळं पुसलं गेलं. पण पहिल्यांदा जे यायला पाच महिने लागले होते, ते सात आठवड्यांत आलं. एवढंच सांगायचं होतं.

---

@वरचे: वाचून थांबले. तुम्ही परत बसलात, फार बरं वाटलं. रोज नाही लिहिलंत तरी अधूनमधून कळवत राहा.

---

बाळ झोपलं. तर, आता चढावर अख्खं कडवं होतं, फक्त शेवटच्या वळणावर सूर सुटतो.

---

सीट दोन सेंमी वर घेतली. उद्या जाऊन येतो आणि गुडघ्याचं सांगतो.