मदत हवी आहे: लेकरांना चालतं शेत दाखवायचंय (मराठवाडा, एक-दोन दिवस)

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात राहतो. मुलगा 9 वर्षांचा, मुलगी 5, आणि सोबत 72 वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचं माहेर औसा तालुक्यातलं. तिथली जमीन भावांच्या वाटण्यांत तुकडे होत होत शेवटी विकली गेली. आता 'शेतात जाऊन येतो' म्हणायला आमच्यापाशी शेतच नाही.

मागच्या हिवाळ्यात मी हौसेनं सगळ्यांना एका कृषी पर्यटन केंद्रात नेलं. (नाव लिहीत नाही, मराठवाड्यातलं नव्हतं.) सिमेंटच्या रस्त्यावरून बैलगाडीच्या दोन चकरा, तिसरीचे पैसे वेगळे. हुरडा आला तो स्टीलच्या वाटीत, सोललेला, गार, वर शेव पेरलेली. आमच्या चिरंजीवांनी वाढणाऱ्या दादाला विचारलं, "याचं शेत कुठंय?" तो बिचारा खरं बोलला, "माल बाहेरून येतो." सासूबाईंनी चमचा वाटीत ठेवला. "हुरडा चमच्यानं खात न्हाईत बाई," एवढंच म्हणाल्या आणि पुढं दिवसभर गप्प. शाळेत मुलानं 'शेतातील एक दिवस' निबंध लिहिला, त्यात सहा ओळी घसरगुंडीवर.

आम्ही गेलो नसतो तरी त्या दिवशी जे काम चाललं असतं, ते चालू असलेलं शेत मला मुलांना दाखवायचंय. ओळखपाळख नसताना असं कुणाच्या शेतात जाता येतं का? दिवाळीच्या सुट्टीत जावं की डिसेंबरात? पैसे द्यायचे तर कसे द्यायचे, कारण पाकीट पुढं केलं तर माणूस दुखावेल आणि नाही केलं तर आपण फुकटे ठरू. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मांडी घालून बसता येत नाही. आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन विहिरी, साप वगैरेंची किती धास्ती घ्यावी? माझं लहानपण ठाण्यातल्या चाळीत गेलं, त्यामुळे मला यातलं शून्य कळतं.

बांधावरून

ताई, दिवाळीत येऊ नका. आमच्या लातूर भागात तेव्हा सोयाबीन निघून रान मोकळं झालेलं असतं आणि माणसं हरभरा पेरायच्या गडबडीत. ज्वारी पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवाळीत ती पोटरीतही, म्हणजे कणीस धरायलाही, आलेली नसते. दाणा चिकात यायला डिसेंबरअखेर ते जानेवारी उजाडतो. हुरडा तेव्हाचा.

पण सासूबाई औशाच्या आहेत म्हणता, तर त्यांना एकच विचारा: येळवस आठवते का? मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे कॅलेंडरातली वेळ अमावस्या. 2024 ला 30 डिसेंबरला आली होती, यंदा 2025 ला 19 डिसेंबर, शुक्रवार. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागात त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात. घरून डोक्यावर आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, येतं. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, धपाटे. भज्जी म्हणजे भजी नव्हे बरं का, पुण्यातल्या लोकांचा इथं कायम घोटाळा होतो. त्या दिवसांत शेतात, बाजारात जे ओलं निघतं ते सगळं, वाल, तूर, हरभरा, वटाणा, पालेभाज्या, एकत्र शिजवून बेसन लावलेलं दाट कालवण ते. जेवणाआधी पिकाला आंबील शिंपडत धुऱ्याधुऱ्यानं फिरतात आणि 'ओलग्या ओलग्या सालम पलग्या' ओरडतात. लेकरांना ओरडायला मिळतं, आणखी काय पाहिजे.

ज्याचं शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. मोंढ्यातले (धान्यबाजारातले) व्यापारी, मास्तर, बँकेतली माणसं, सगळी कुणाच्या ना कुणाच्या कोपीपाशी जेवायला. फक्त एक अडचण आहे. येळवशीला कुणी काम करत नाही, तो सण आहे. तुम्हाला 'काम चालू असलेलं शेत' पाहिजे, तर मुक्काम करा आणि शनिवारी काम बघा.

बोंडअळी

आधी माफी मागून बोलतो, मी परभणीकडचा कापूसवाला. अशी विचारणा वाचली की पोटात कालवाकालव होते. शेत म्हणजे संग्रहालय आहे का? आमच्या रानात डिसेंबरात वेचणी चालू असते. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर मिळते. त्यांच्या मधे पाहुणे शिरले, फोटो काढू लागले, "मावशी इकडं बघा" झालं, की त्यांचा तेवढा कापूस कमी. तो कोण भरून देणार?

यायचं असेल तर असं या. सकाळी या, लेकराच्या कमरेला फडकं बांधा, एका मावशीच्या ओळीत तिच्याबरोबर तासभर वेचू द्या आणि जे निघेल ते तिच्या ओट्यात टाका. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरबाडतात. ओरबाडू द्या थोडी. आणि फवारणी चालू असलेल्या किंवा नुकतीच झालेल्या रानात चुकूनही लेकरू नेऊ नका. पंपाजवळ, रिकाम्या डब्यांजवळ तर नाहीच.

आणखी एक, बैलांची आशा घरी ठेवून या. आमच्या गावात नांगरणी, पेरणी सगळं ट्रॅक्टरनं होतं. चालत्या शेतात ट्रॅक्टर असतो. बैलच पाहिजेत म्हणाल तर परत त्या सिमेंटच्या रस्त्यावरच जावं लागेल.

धागाकर्ती

बोंडअळी दादा, राग मनात ठेवत नाही, उलट बरं झालं सांगितलंत. बैलांचा हट्ट माझाच होता, मुलांना ट्रॅक्टर जास्त आवडेल.

बांधावरून, मी सासूबाईंना 'येळवस' शब्द म्हटला. त्या भाजी निवडत होत्या, हात थांबला. म्हणाल्या, "बिंदगं डोक्यावर घेऊन चालताना आंबील हिंदकळून गळ्यात यायची आणि मी ती चाटत जायची." लग्नाला बारा वर्षं झाली, हे मला आज कळतंय. शुक्रवार म्हणजे शाळेचा एकच दिवस बुडतो. ठरलं समजा. पण कुणाकडे?

वानेरा

बैलांबद्दल बोंडअळींशी अर्धा सहमत. देवणी आणि लाल कंधारी या दोन्ही जाती आपल्या मातीतल्याच, एक लातूरकडची, एक नांदेडच्या कंधारची, आणि अजून बऱ्याच दावणींना दिसतात. देवणीत तीन रंग ओळखायचा खेळ मुलांना लावा: अंग पांढरं आणि तोंड काळं तो वानेरा, जवळजवळ सगळा पांढरा तो बालंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके-डाग तो शेवरा. माझं टोपणनाव आता कळलं असेल. नांदेडकडं उतरणार असाल तर लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा याच सुमाराला भरते, जनावरांचा बाजार तिथं बघावा. पण सासूबाईंना त्या गर्दीत नेऊ नका.

एक काळजीचं. मुलं हौसेनं दिसेल तो हिरवा चारा उपटून जनावरापुढं धरतात. कोवळी किंवा पाण्यावाचून सुकत चाललेली ज्वारी, कापलेल्या ज्वारीचे नवे फुटवे, यानं जनावराला किराळ लागते. विषबाधाच ती, हायड्रोसायनिक आम्लाची, आणि जनावर बघता बघता आडवं होतं. मालक देईल तोच चारा, त्यानं दिलेल्या वेळी. बाकी नेहमीचं: मागून जाऊ नये, वासराजवळ गेलात तर गाय कुठं आहे ते आधी बघावं.

दोन लेकरांची आई

मी दरवर्षी जाते म्हणून सांगते. मुलांना पूर्ण बाह्या, फुल पँट, मोजे आणि बंद बूट. सँडल घातले की कुसळं मोज्यात शिरतात आणि परतीचा सगळा प्रवास काढत बसावं लागतं. सकाळी थंडी चांगलीच असते, अकरानंतर स्वेटर कुणाला नको असतो. विहिरीला बऱ्याचदा कठडा नसतो, त्यामुळे पोचल्या पोचल्या मालकाकडून विहीर आणि मोटारीची पेटी दाखवून घ्यायची आणि तिकडं जायचं नाही असं मुलांना त्याच्याच तोंडून ऐकवायचं. आईचं ऐकत नाहीत, मिशीवाल्या काकांचं ऐकतात. कडब्याच्या गंजीत हात घालायचा नाही. संडास गावातल्या घरीच उरकून निघायचं. सासूबाईंना खुर्ची शोधत बसू नका, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी, बाज असतेच.

पिण्याचं पाणी आपलं न्या आणि हात-पाय धुताना नळ सोडून ठेवू नका. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं शहर आहे लातूर. तिथल्या माणसाला वाहता नळ बघवत नाही.

बांधावरून

कुणाकडे, याचं उत्तर. कृषी विज्ञान केंद्राला फोन करा, त्यांच्याकडं शेतकऱ्यांची ओळख असते. कृषी पर्यटनवाल्यांकडेच जायचं झालं तर 2020 च्या धोरणानंतर पर्यटन संचालनालयाकडे त्यांची नोंदणी होते, ती आहे का विचारा. पण त्याहून कामाचा प्रश्न असा विचारा: "या आठवड्यात शेतात काय काम चालू आहे?" जो तूर काढायलोय म्हणेल त्याच्याकडे जा. जो जेवणात काय काय आहे ते सांगायला लागेल त्याला नमस्कार करा.

पैशाचं म्हणाल तर येळवशीच्या जेवणाचे कुणी घेणार नाही, आणि दिलेत तर खरंच वाईट वाटेल. त्याच्याकडं जे पिकतं ते विकत घ्या, मोंढ्यातल्या भावानं नव्हे, तुम्ही पुण्यात दुकानात देता त्या भावानं. त्यात दोघांचा मान राहतो.

तुम्हाला निरोप टाकलाय, बघा. माझे चुलते औशाकडंच असतात.

धागाकर्ती (परत आल्यावर)

सगळ्यांचे आभार. लिहायला उशीर झाला, सासूबाईंना ताप होता. थंडीत आंबील जरा जास्तच झाली, पण त्यांची तक्रार नाही.

रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसनं गेलो. शुक्रवारी 'बांधावरून' यांच्या चुलत्यांच्या (आता आमचेही काका-काकू) कोपीपाशी आम्ही धरून चाळीसेक माणसं होतो आणि त्यातली अर्धी एकमेकांना ओळखत नव्हती. सासूबाईंच्या डोक्यावर काकूंनी रिकामं बिंदगं ठेवून दिलं, दहा पावलं चालल्या. भज्जी मुलांना आवडली नाही, मला फार आवडली. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे कडब्याची मशाल, पेटवला तेव्हा मुलगी घाबरून काकांच्या धोतराला चिकटली.

शनिवारचं सांगायचंय. पहाटे सहाला जाग आली तर काका चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले, शेकोटीपाशी. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री गेले होते, कारण त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. मुलगा विचारतो, "मग तुम्ही झोपता कधी?" काका म्हणाले, "लाईट गेल्यावर." मग तूर कापायला माणसं आली, त्याला पेंढ्या वाहून न्यायचं काम मिळालं. बारा पेंढ्या मोजून नेल्या आणि तेराव्याला बसला. आगाप पेरलेल्या एका पट्ट्यात कणसं चिकात आली होती. काकूंनी बांधालाच गोवऱ्या पेटवून भाजली, हातावर चोळून फुंकर मारून ओंजळीत दिली. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. सासूबाई बाजेवर बसून अर्धा तास फक्त चोळत होत्या, खात कमी होत्या.

बोंडअळी दादा, फोटो एकूण चार काढले, विचारून.

काकांकडून तूर घेतली आणि मागच्या हंगामातली ज्वारी एक पोतं. नवी ज्वारी होळीच्या सुमाराला निघेल, तेव्हा परत या म्हणालेत. आता नवीन अडचण. आमच्याकडची गिरणी ज्वारी गव्हावरच दळते, पीठ चिकट होतं आणि सासूबाई भाकरी थापताना गिरणीवाल्याचा उद्धार करतात. सिंहगड रस्त्याच्या आसपास ज्वारीचं वेगळं जातं ठेवणारी गिरणी कुणाला माहीत आहे का?