चेर्नोबिलचे लांडगे कोणाच्या बाजूने साक्ष देतात?

पाणकावळा (धागाकर्ता)

चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या स्फोटाचा (१९८६) विषय निघाला की हल्ली कोणीतरी लांडग्यांचा फोटो टाकतंच. बघा, जंगल परत आलं, प्राणी मजेत आहेत, किरणोत्साराचा नुसता बाऊ केला होता! हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

लांडगे वाढलेत यात वाद नाही. बेलारूसच्या बाजूला पोलेसियाचं जे राखीव जंगल आहे, तिथल्या प्राण्यांच्या गणनेचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. एल्क, हरणं, रानडुकरं साधारण तिथल्या इतर राखीव जंगलांइतकीच, आणि लांडगे मात्र सातपट. पण १९८६ साली त्या जमिनीवरून माणूस उठवला गेला हे विसरायचं का? नांगर थांबले, गावं ओस पडली, बंदुका गेल्या. लांडग्याला सिझियमपेक्षा (स्फोटातून पसरलेला किरणोत्सारी पदार्थ) माणूस जास्त महागात पडतो, एवढंच त्या आकड्यातून कळतं. सिझियम निरुपद्रवी आहे हे त्यात कुठे आलं?

आणि संख्या म्हणजे प्रकृती नव्हे. रानातला लांडगा मुळात फार वर्षं जगत नाही. वीस-तीस वर्षांनी होणारा कॅन्सर त्याच्यात शोधून काय मिळणार?

सरळसोट

असहमत. माणूस सिझियमपेक्षा महागात पडतो हे तुम्हीच लिहिलंत, मग वाद कशावर आहे? निसर्गाच्या दृष्टीने जगातला सगळ्यात मोठा अणुअपघात हा रोजच्या शेती-शिकारीपेक्षा कमी घातक ठरला. ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

आता माणसांचं. १३४ जणांना तीव्र किरणोत्साराचा आजार झाला, त्यातले २८ त्याच वर्षी गेले. त्याखेरीज दोघे स्फोटाच्या रात्री आणि पहाटे. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मिळून अहवाल दिला, त्यात पुढच्या संभाव्य मृत्यूंचा अंदाज ४००० पर्यंत आहे. कोळशाच्या धुराने किती मरतात याच्याशी ताडून पाहा. त्याच अहवालात म्हटलंय की या अपघाताने निर्माण केलेला सर्वांत मोठा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानसिक आहे. १९८६ मध्ये १,१६,००० लोक हलवले, नंतर आणखी दोन लाखांवर. त्यातली कित्येक गावं अशी, की तिथे राहून जेवढा किरणोत्सार लागला असता त्यापेक्षा घरदार सुटल्याने जास्त नुकसान झालं. लोकांना भीतीनेही मारलंय.

तळटीप

सरळसोट, ४००० हा आकडा सगळे देतात, पण तो कोणासाठी आहे ते कोणी सांगत नाही. सर्वाधिक किरणोत्सार झेललेल्या सुमारे सहा लाख लोकांपुरता तो आहे. जास्त मोठा टापू धरला की जागतिक आरोग्य संघटनेचाच अंदाज ९००० च्या आसपास जातो. सगळा युरोप आणि २०६५ पर्यंतचा काळ धरला तर कॅन्सरवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १६,००० म्हणते, आणि ग्रीनपीस ९३,०००. यातलं एकही माणूस नावानिशी मोजलेलं नाही, सगळी गणितं आहेत. तुम्ही त्यातलं सगळ्यात स्वस्त उचललंत.

भीतीबद्दल म्हणाल तर उलट लिहा. आयोडीन-१३१ हाही स्फोटातून पसरलेला किरणोत्सारी पदार्थ, त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) आठ दिवसांचं. ते गवतावर पडलं, गवत गाईने खाल्लं, दूध पोरांच्या पोटात गेलं. सुरुवातीचे दोनेक महिने ताजं दूध बंद ठेवलं असतं तर थायरॉईडच्या कॅन्सरचे बरेच रोगी झालेच नसते. केंद्राशेजारचं प्रिप्यात शहर रिकामं केलं ते २७ एप्रिलच्या दुपारी, म्हणजे स्फोटाला दीड दिवस उलटल्यावर. जाहीर कबुली २८ ला संध्याकाळी, तीही स्वीडनच्या फोर्समार्क अणुकेंद्रात किरणोत्सार मोजणारी यंत्रं वाजायला लागल्यावर. पुढे कीवमध्ये १ मेचं संचलनही थाटात झालं. शेजारच्या पोलंडने मात्र २९ एप्रिलपासून लाखो मुलांना आयोडीन पाजलं. थोडी भीती वेळेवर वाटली असती तर बरं झालं असतं.

सरळसोट

लपवाछपवीचं समर्थन कोणीच करत नाहीये. तो सोव्हिएत राजवटीचा दोष. त्यासाठी तंत्रज्ञानाला फाशी कशाला?

गारगोटी

तंत्रज्ञान सुटत नाही हो एवढ्या सहजी. त्या रात्री चाचणीसाठी भट्टी २०० मेगावॉटवर रखडत ठेवली होती, नियंत्रक कांड्या (आत सरकवल्या की अणुक्रिया मंदावणाऱ्या) जवळजवळ सगळ्या बाहेर. मग बंद करायचं बटण दाबलं. कांड्या आत शिरल्या, आणि त्यांच्या खालच्या टोकाच्या ग्राफाइटमुळे शक्ती घटण्याऐवजी आधी वाढली. गाडीचा ब्रेक दाबल्यावर क्षणभर ॲक्सिलरेटरसारखा वागावा, तसा प्रकार. हा दोष १९८३ साली लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्राच्या तशाच भट्टीच्या चाचणीत दिसला होता. तरी अपघातावरच्या १९८६ च्या व्हिएन्ना परिषदेत मुख्य ठपका ऑपरेटरांवर. आराखड्याचा दोष आंतरराष्ट्रीय पातळीवर नीट मान्य व्हायला १९९२ उजाडलं.

(आणि उरलेल्या तीन भट्ट्या? शेवटची डिसेंबर २००० पर्यंत चालू होती. तिथल्या तिथेच.)

पाणकावळा

परत जंगलाकडे येतो, कारण मुद्दा तिथेच निसटतोय. केंद्राला लागून पाइनचं रान होतं. पाइनला किरणोत्सार फार सोसत नाही. काही दिवसांत सुया गंजाच्या रंगाच्या झाल्या. लाल जंगल म्हणतात ते हेच. शेजारचे बर्च बरेचसे तगले. मेलेली झाडं बुलडोझरने पाडून खंदकांत पुरली, वर वाळू टाकली, वाळूवर नवे पाइन लावले. आता त्या नव्या झाडांची मुळं खंदकातलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम वर ओढतात, ते पानगळीतून पुन्हा जमिनीवर येतं, आणि खंदकाखालच्या भूजलातही ते झिरपताना मोजलंय. फोटोत दिसतं ते हिरवंगार रान. त्यात हे दिसत नाही.

शिवाय जास्त दूषित भागात पालापाचोळा सावकाश कुजतो असा २०१४ चा अभ्यास आहे. न कुजलेला पाला म्हणजे जळण. एप्रिल २०२० चे वणवे आठवा.

सरळसोट

तो अभ्यास ज्या गटाचा, त्यांच्या पक्षी-कीटकांवरच्या निष्कर्षांवर इतर शास्त्रज्ञांनी बरेच आक्षेप घेतलेत, तेही लिहा की. आणि २०२० च्या धुरातून कीवला जो किरणोत्सार पोचला तो नगण्य होता. धूर म्हणून धूर वाईट होताच, तो कुठल्याही वणव्याचा असतो.

तळटीप

कीवचं ठीक. आग विझवणारे कुठे उभे होते?

ओलावा

तुम्ही सगळे लांडग्यांत अडकलात. प्रतिबंधित क्षेत्राच्या बाहेर बघा, जिथे माणसं अजून राहतात. युक्रेनच्या रिव्ने प्रांतात, चेर्नोबिलपासून दोनेकशे किलोमीटरवर, काही गावांतल्या दुधात अपघातानंतर तीस वर्षांनीही सिझियम मर्यादेबाहेर सापडलं. मर्यादा लिटरला १०० बेकरेलची (बेकरेल हे किरणोत्सार मोजायचं एकक). काही नमुने पाचपटीपर्यंत. तिथे किरणोत्सार फार पडला म्हणून नव्हे, तर जमीन पीटची (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) आहे म्हणून. चिकणमाती सिझियमला धरून ठेवते, पीट सोडून देते आणि गवत उचलतं. म्हणजे नकाशावरचं अंतर बघून सुरक्षित-असुरक्षित ठरवणारे दोन्ही बाजूचे लोक चुकतात.

यावर उपाय आहे. प्रशियन ब्लू नावाचं निळं रंगद्रव्य गाईच्या खाद्यात द्यायचं. ते पोटात सिझियमला बांधून शेणावाटे बाहेर काढतं, दूध बरंच स्वच्छ होतं. किंमतही फार नाही. आधी सरकार देत होतं, पुढे निधी आटला.

सरळसोट

मग हा पैशाचा प्रश्न झाला, किरणोत्साराचा नव्हे.

ओलावा

सिझियमचं अर्धायुष्य ३० वर्षांचं. इतकी वर्षं दरसाल निधी काढणारं सरकार कुठलं ते दाखवा. किरणोत्सार आत कोंडून ठेवायला फुटक्या भट्टीवर २०१६ साली सरकवलेली पोलादी कमान शंभर वर्षांची म्हणून बांधली होती, दीड अब्ज युरोंची. फेब्रुवारी २०२५ मध्ये ड्रोनने तिला भोक पाडलं. अपघाताच्या खर्चात ही पुढची राखणही धरायची की नाही?

सरळसोट

धरा. पण मग कोळशाच्या हिशेबातही पुढची शंभर वर्षं धरा.

पाणकावळा

धरू. वेगळा धागा काढा, येतो. पण तिथे लांडग्यांचा फोटो टाकू नका.